घरच्या इनोव्हावर अठरा वर्षांच्या मुलाला गाडी शिकवावी का?

तुम्ही कराडहून विचारलंय की घरात इनोव्हा क्रिस्टा आहे, मुलगा पुढच्या महिन्यात १८ पूर्ण करतोय, तर त्याला याच गाडीवर शिकवावं की शिकण्यापुरती एखादी जुनी अल्टो घ्यावी? आणि लायसन्स आल्यावर ही गाडी घेऊन त्याला पुण्याला कॉलेजला जाऊ द्यावं का?

मी साताऱ्यात ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. बारावीची परीक्षा संपली की आमच्याकडे याच वयाची मुलं-मुली येतात आणि हल्ली त्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी सात सीटर गाडी असते. माझं मत असं आहे: सुरुवात स्कूलच्या लहान गाडीवर करा आणि तिथून सरळ घरच्या इनोव्हावर आणा. मध्ये जुनी गाडी घेऊ नका.

सुरुवात स्कूलच्या गाडीवर अशासाठी की तिला ड्युअल कंट्रोल असतो, म्हणजे शेजारच्या सीटसमोरही ब्रेक असतो. पोराचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडला तरी शेजारी बसलेला माणूस गाडी थांबवू शकतो. तुमच्या इनोव्हात शेजारी बसून तुम्हाला फक्त हँडब्रेक ओढता येईल आणि ओरडता येईल. हाफ क्लच, गिअर, चढावर गाडी मागे न येऊ देता उचलणं, हे सगळं पायात बसेपर्यंत लहान गाडीच बरी.

मग इनोव्हा. इथं खरा प्रश्न जजमेंटचा, म्हणजे गाडी कुठवर पसरलीय याच्या अंदाजाचा असतो. वॅगनआर ३,६५५ मिलिमीटर लांब आणि १,६२० रुंद, क्रिस्टा ४,७३५ लांब आणि १,८३० रुंद. म्हणजे लांबीत साडेतीन फूट आणि रुंदीत आठ इंच जास्त. त्यातले आठ इंच जास्त त्रास देतात, कारण ते सगळे डाव्या बाजूला, ड्रायव्हरला न दिसणाऱ्या जागी जातात. स्कूटर चालवून आलेल्या मुलाला सवय असते की आपण वाहनाच्या मधोमध आहोत. तो गाडीतही स्वतःला रस्त्याच्या मधोमध ठेवायला बघतो आणि डावं चाक गटारीच्या कडेला जातं.

यावर मैदानात एक साधा सराव घ्या. समोर पाण्याचा रिकामा कॅन ठेवा आणि त्याला सांगा, बंपर कॅनला टेकेल असं वाटेल तिथं थांब. मग खाली उतरवून दाखवा. बहुतेक पोरं चार-पाच फूट आधीच थांबतात, कारण बोनेट संपतं कुठं ते सीटवरून दिसत नाही. तेच मागच्या बंपरला करा. त्यानंतर जमिनीवर एक जुना दोर सरळ अंथरा आणि पुढचं डावं चाक बरोबर त्याच्यावरून न्यायला सांगा. दोरावरून चाक जाताना स्टिअरिंगला काहीच जाणवत नाही, म्हणून तुम्ही बाहेर उभं राहून ‘आत आलास’, ‘बाहेर गेलास’ एवढंच सांगायचं. दोर नेमका सापडायला लागला की अरुंद रस्त्यावर समोरून एसटी आली तरी त्याचा हात डगमगत नाही.

दुसरी गोष्ट मागच्या चाकाची. क्रिस्टाचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २,७५० मिलिमीटर आहे. वळताना मागचं चाक पुढच्या चाकापेक्षा बरंच आतून कापतं. आमच्या शनिवार पेठेसारख्या बोळात डावीकडे वळताना पुढचा भाग सुखरूप निघतो आणि मागचा दरवाजा उभ्या असलेल्या मोटारसायकलच्या हँडलला घासतो. त्याला शिकवा: आधी थोडं पुढं जायचं, मग वळवायचं, आणि वळताना डाव्या आरशात मागचं चाक बघायचं.

या गाडीचं एक चांगलंही आहे. डिझेल इंजिन हळू फिरत असतानाही (खालच्या आरपीएमला) त्याला भरपूर ताकद असते, त्यामुळं ती नवशिक्याच्या हातात सारखी बंद पडत नाही आणि पोराचा धीर टिकतो. पण तीच गाडी नुसता क्लच सोडला तरी पुढं सरकते, म्हणून रांगेत उभं असताना पाय ब्रेकवरच हवा. वजन वॅगनआरच्या दुपटीच्या आसपास आणि उंचीही जास्त. घाटाच्या वळणावर ती कलते. यवतेश्वरच्या घाटात मी मुलांना वळणाच्या आधी ब्रेक लावून गिअर उतरवायला लावतो, वळणात शिरल्यावर नाही.

जुन्या अल्टोबद्दल. चरा पडला तर जुन्या गाडीला पडू दे, हा तुमचा विचार मला समजतो. पण आपल्याकडे सगळ्या नव्या कारना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) एप्रिल २०१९ पासून आणि ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या स्वस्त मॉडेलमध्ये बहुधा दोन्ही नसतं. म्हणजे घरातला सगळ्यात कच्चा ड्रायव्हर सगळ्यात कमी संरक्षण असलेल्या गाडीत बसणार. बंपरचा चरा दुरुस्त होतो हो. शिवाय अल्टोवर हात बसला की इनोव्हाचं जजमेंट पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं, आणि तोपर्यंत मुलाला ‘मला येते’ असं वाटायला लागलेलं असतं.

मला या गाडीची सगळ्यात जास्त काळजी वाटते ती तिच्या सात सीटांची. एका मित्राकडे इनोव्हा आली की सहा मित्र कास पठाराला निघतात. मोठ्यानं गाणी, मागून ‘ओव्हरटेक कर ना’ आणि पुढं अठरा वर्षांचा मुलगा. न्यूझीलंडमध्ये आणि अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत नव्या लायसन्सवाल्या मुलांना मित्र बसवायला सुरुवातीला कायद्यानंच बंधन असतं. आपल्याकडे तसा नियम नाही, तो घरात करावा लागतो. पहिले सहा महिने घरच्या मोठ्या माणसाशिवाय दुसरं कोणी गाडीत नको. हे किल्ली देण्याआधी ठरवा, त्याच्या मित्रांसमोर नको.

वाढदिवसाच्या आधी एकदाही गाडी हातात देऊ नका, अगदी कोपऱ्यापर्यंतसुद्धा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९ए प्रमाणे अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिन्यांसाठी रद्द होतं आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. १८ पूर्ण झाले की लर्निंग काढा. ते ६ महिने चालतं आणि ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. तोवर पुढं-मागं पांढऱ्यावर लाल ‘एल’ आणि शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस पाहिजेच. यातलं एक जरी नसेल तरी अपघातानंतर विमा कंपनी क्लेमला हरकत घेऊ शकते.

शेजारी कोण बसणार, तेही ठरवा. वडील बसले की आवाज चढतो आणि पोरगं रस्ता सोडून वडिलांच्या चेहऱ्याकडे बघायला लागतं, हे मी फार वेळा पाहिलंय. आई, काका, जो शांत असेल तो बसू दे. रविवारी दुपारी एमआयडीसीचे रस्ते मोकळे असतात, तिथं सुरू करा. मग गाव, मग हायवे, मग रात्र आणि सगळ्यात शेवटी पाऊस.

पुण्याला गाडी द्यायला माझा पहिल्या वर्षी नकार आहे. कॉलेजच्या आसपास एवढी गाडी लावायला जागा शोधण्यातच त्याचा अर्धा तास जाईल, आणि एसटी आहेच. सुट्टीत येता-जाता तुम्ही शेजारी बसा आणि त्याला चालवू द्या. खंबाटकी आणि कात्रजचा नवा बोगदा ओलांडून नवले पुलाकडे जाणारा लांब उतार, ही दोन ठिकाणं त्याच्याकडून नीट करून घ्या. त्या उतारावर न्यूट्रल करायचं नाही, गाडी गिअरमध्येच उतरवायची, आणि मागून येणाऱ्या ट्रककडे आरशातून लक्ष ठेवायचं. तो उतार त्यानं दिवसाउजेडी, तुम्हाला एकदाही बोलावं न लागता उतरवून दाखवला की एकट्यानं जायचं बोलता येईल.