सुंभ, पीळ आणि हायड्रोप्लेन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : लेझरने कापलेल्या प्लायच्या फ्रेम्सवरून १/८ प्रमाणातली रेसिंग हायड्रोप्लेन (पाण्याला जेमतेम टेकून पळणारी शर्यतीची बोट) बांधतो आहे. सगळे तुकडे खाचांमध्ये चपखल बसले, कुठे घासावंसुद्धा लागलं नाही. तरी तळ आणि डेक चढवून बोट टेबलावर ठेवली, तर मागचा एक कोपरा तीन मिलिमीटर वर राहतो. लेझरने चूक केली का?

उत्तर : लेझर बिचारा निर्दोष आहे. ‘कुठे घासावंसुद्धा लागलं नाही’ हे तुमचं वाक्य वाचलं आणि पुढे काय येणार ते मला कळलं. तुकडे असे पटापट बसायला लागले की माणूस गुण्या खणात ठेवून देतो.

लेझर प्रत्येक फ्रेम तिच्या तिच्यापुरती बरोबर कापतो. पहिली फ्रेम सहाव्या फ्रेमशी कशी उभी आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. नुसता सांगाडा दोन टोकांना धरून हलकेच पिळून बघा, सहज पिळतो. एका बाजूला प्लाय चढवला तरी थोडा पिळतोच. दुसऱ्या बाजूचा प्लाय चिकटला की त्याची बंद पेटी होते, आणि गोंद वाळताना जो आकार होता तो कायमचा बसतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभ जाळायचीही सोय नाही.

हे ज्ञान मला फुकट मिळालेलं नाही. सव्वीस वर्षं मी ड्रॉइंग बोर्डावर काढली, अर्ध्या मिलिमीटरवरून लोकांशी भांडले, आणि माझी दुसरी बोट मी मांडीवर बांधली. तळ फळीवर नीट लावला होता. मग सांगाडा उचलून मांडीवर घेतला आणि डेक तिथेच चिकटवला, कारण मांडीवर हात सगळीकडे पोचतो. सकाळी पुढे एक आणि मागे एक अशा दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून डोळा लावला, तर एक पट्टी दुसरीला चक्क कात्रीसारखी छेदत होती. ती बोट जन्मभर एका बाजूला ओढत राहिली. रडर, म्हणजे सुकाणू, थोडा वाकडा ठेवून मी ते लपवायचे, आणि वेग तिथेच जायचा.

आता तुमची बोट. आधी टेबल खरंच सपाट आहे का ते बघा, जाड काच सगळ्यांत भरवशाची. मग मागचा कोपरा विसरा आणि पुढचे दोन स्पॉन्सन, म्हणजे बोटीच्या दोन्ही अंगांना पुढे आलेले, पाण्यावर टेकणारे भाग, मोजा. दोन्हींच्या तळाची पुढची आणि मागची कड काचेपासून किती वर आहे ते लिहून काढा. वेगात हायड्रोप्लेन टेकते तीनच ठिकाणी, दोन स्पॉन्सन आणि मागे अर्धवट पाण्याबाहेर फिरणारा प्रॉपेलर. मागचा तळ जवळपास हवेत असतो. त्यामुळे स्पॉन्सन एकमेकांशी जुळत असतील तर तीन मिलिमीटरचा मागचा कोपरा मी माफ करीन. स्पॉन्सनला माफी नाही. दीडशे मिलिमीटर लांबीच्या तळाला एक मिलिमीटर फरक म्हणजे ०.३८ अंश, आणि नकाशात या तळाला दिलेला सगळा कोनच दोन-चार अंशांचा असतो. फरक असेल तर लांब सपाट लाकडावर सँडपेपर चिकटवून जास्त उतरलेला तळ घासून आणा, किंवा दुसऱ्याला पातळ प्लायची भर द्या. पीळ फारच असेल तर एका बाजूची डेकची कड सुरीने सोडवा, बोट काचेवर उलट दिशेने जरा जास्तच दाबून वजनं ठेवा आणि पुन्हा चिकटवा. सोडताना थोडी परत फिरते, म्हणून जास्त.

पुढच्या वेळी डेक लावताना बोट फळीवरून उचलायची नाही. खाली हात पोचत नसेल तर नसू दे.

प्रश्न : लेझरने जळालेल्या तपकिरी कडा गोंदाला चालतात का? आणि काही तुकडे शीटमधून सुटतच नाहीत.

उत्तर : जळालेली कड म्हणजे कोळशाचा पातळ थर. गोंद त्याला धरतो आणि तो थर लाकडाला सोडतो. जिथे जोड येणार तिथे सँडपेपरचे दोन हलके हात मारा, लाकडाचा रंग दिसायला लागला की थांबा. जास्त घासाल तर खाच सैल होईल. लेझरची स्वतःची रेघच साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर लाकूड खाते. न सुटणारे तुकडे ओढू नका. प्लायच्या आतल्या थरात कुठे गाठ असते, कुठे गोंद साचलेला असतो, तिथे लेझर आरपार जात नाही. शीट उलटून मागून धारदार सुरी फिरवा.

प्रश्न : मजबुतीसाठी सगळीकडे दुप्पट जाडीचा प्लाय वापरला तर? थोडं वजन वाढेल, पण मोटर दणकट आहे. आणि खऱ्या बोटीच्या एकअष्टमांश वेग मिळाला तरी मी खूश.

उत्तर : एकअष्टमांश वेगावर खूश होऊ नका, फसवणूक होईल. लांबी आठपट कमी झाली की क्षेत्रफळ चौसष्टपट आणि वजन पाचशे बारापट कमी व्हायला हवं. तीन टनांची बोट १/८ मध्ये सहा किलोच्याही आत येते. वेग मात्र आठाने नाही, आठाच्या वर्गमुळाने भागायचा, म्हणजे २.८३ ने. तेव्हा पाणी आणि लाटा खऱ्यासारख्या दिसतात.

उदाहरणाला माझी लाडकी बोट घेते, अमेरिकेतल्या सिअॅटलची ‘स्लो-मो-शन ४’. टेड जोन्सने आखली, अँकर जेन्सनने बांधली, मालक स्टॅनली सेयर्स. २६ जून १९५० रोजी लेक वॉशिंग्टनवर तिने ताशी १६०.३२३ मैल गाठले, म्हणजे २५८ किलोमीटर. पाण्यावरच्या वेगाचा आधीचा जागतिक विक्रम १९३९ पासून माल्कम कॅम्पबेलच्या नावावर होता, १४१.७४ मैलांचा. एका फटक्यात अठरा मैलांनी वाढ! त्यात मोठा वाटा अर्धा पाण्याबाहेर ठेवलेल्या त्या प्रॉपेलरचा, कारण पाण्यात घासणारं अंगच कमी झालं. त्याच वर्षी तिने डेट्रॉइटमध्ये गोल्ड कप ही शर्यत जिंकली, आणि जिंकणाऱ्याच्या क्लबाकडे पुढची शर्यत जायची या नियमाने १९५१ ची शर्यत सिअॅटलला झाली. आज ती बोट तिथल्याच इतिहास आणि उद्योग संग्रहालयात आहे. आता तुमचं गणित : २५८ भागिले २.८३, म्हणजे ताशी सुमारे ९१ किलोमीटर. तेवढ्या वेगाने जाणाऱ्या साडेतीन फुटी लाकडी बोटीत दुप्पट प्लाय कुठे हवा? मोटर बसते तिथे, प्रॉपेलरचा स्ट्रट (त्याच्या दांड्याचा आधार) आणि रडर अडकतात त्या मागच्या फळीला, आणि स्पॉन्सनच्या तळाला. बाकी सगळीकडे तुम्ही फक्त वजन विकत घेताय. त्यातही नाकापाशी आणि शेपटीशी वाढलेलं वजन सगळ्यांत वाईट, कारण मध्यापासून लांबचं वजन बोटीला एकदा डोलायला लागली की थांबू देत नाही.

प्रश्न : तळाच्या कडा गोल करून छान फिनिश दिलं. दिसते सुरेख, पण पाणी सोडून वर उठतच नाही.

उत्तर : गोल कडेला पाणी चिकटतं आणि वळून वर चढतं. तळाच्या कडा, विशेषतः स्पॉन्सनच्या मागच्या आणि बोटीच्या शेवटच्या, धारदार हव्यात. हात कापणार नाही इतपत, पण धारदार. कडेला इपॉक्सीचा बांध घाला, वाळला की तळाच्या बाजूने सपाट घासा. डेकवरच्या कडा खुशाल गोल करा, तिथे कोणी विचारत नाही.

प्रश्न : जुन्या फोटोंत वळताना पाणी कापणारा फिन डाव्या बाजूला दिसतो. माझ्या किटच्या नकाशात तो उजवीकडे आहे. नकाशा उलटा छापला आहे का?

उत्तर : नाही, पण तुमची नजर चांगली आहे. मोठ्या हायड्रोप्लेन घड्याळाच्या उलट दिशेने धावतात, सगळी वळणं डावीकडे, म्हणून फिन डावीकडे, वळणाच्या आतल्या बाजूला. रिमोटवरच्या बोटींच्या शर्यती मात्र साधारणपणे घड्याळाच्या दिशेने होतात, वळणं उजवीकडे, म्हणून फिनही उजवीकडे. इतिहासाशी इमान राखून डावीकडे लावलात, तर पहिल्याच उजव्या वळणावर बोट बाहेर घसरत जाईल.

कपाटात ठेवायची असेल तर डावीकडे लावा, पळवायची असेल तर उजवीकडे. दोन्ही हवं असेल तर आतून दोन्ही बाजूंना जाड प्लायचा ठोकळा आत्ताच चिकटवा, डेक बंद झाल्यावर तिथे हात जात नाही. मी तो नंतर आठवला, म्हणून माझ्या बोटीच्या डाव्या अंगाला बुजवलेली चार भोकं आहेत आणि रंगाखालूनही ती दिसतात.