गेम थिअरीचा ‘डाव’ आणि जाळ्यातला ‘फितूर’

चाळीसगावच्या एका वाचकांचा प्रश्न आहे: जाळ्याने जोडलेल्या, पण आपापले निर्णय स्वतः घेणाऱ्या यंत्रांचा हल्ल्यांपासून बचाव करायला गेम थिअरी वापरतात, त्यावर मराठीत लिहितोय. ‘क्रीडासिद्धांत’ म्हणू का? आणि हल्लेखोराच्या ताब्यात गेलेल्या यंत्राला काय म्हणू?

‘क्रीडा’ नको. त्या शब्दाने मैदान आणि पदकं डोळ्यांपुढे येतात. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ साली या विषयाचा पाया घातला तो बैठ्या खेळांचा विचार करताना. समोरचा काय करील हे ताडून आपण काय करायचं, एवढाच मुद्दा. मराठीत त्याला नेमका शब्द आहे: डाव. पत्त्यांचा डाव असतो, कुस्तीतही डाव असतो आणि त्याला प्रतिडाव असतो. डाव साधतो, फसतो, कधी उलटतो. समोर कुणीतरी डोकं चालवतंय हे ‘डाव’ म्हणताच कळतं, ‘खेळ’ म्हणून कळत नाही. म्हणून मी ‘डावसिद्धांत’ म्हणेन. एका वेळची कृती ती ‘चाल’, आणि कुठल्या प्रसंगी कुठली चाल करायची याचा आधीच ठरवलेला सगळा बेत तो ‘डावपेच’. या दोन्हींत गल्लत करू नका.

बचावाची बाजू आमच्या घरात मी पाहिली आहे. यावलकडे केळीच्या बागेत नाना जागलीला जायचे, तेव्हा फेरीची वेळ रोज बदलायचे. ‘चोराले आपली फेरी कयाले नको,’ म्हणायचे, म्हणजे चोराला आपली फेरी कळायला नको. २००७ साली लॉस एंजेलिसच्या विमानतळावर तपासणी नाके कधी, कुठे लावायचे हे संगणकशास्त्रज्ञ मिलिंद तांबे यांच्या गटाने डावसिद्धांतावरून ठरवून दिलं, त्यामागे हेच तत्त्व होतं. हल्लेखोर आधी पाळत ठेवणार हे गृहीत धरायचं आणि गस्त अशी विस्कटायची की पाळत ठेवूनही त्याला नेमकी वेळ हाती लागू नये. मात्र जिथे धोका जास्त, तिथे फेऱ्याही जास्त. याला ‘मिश्र डावपेच’ म्हणता येईल.

आता दुसरा शब्द, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. समजा, बागेत मातीची ओल मोजणारी बारा यंत्रं आहेत. प्रत्येकाने शेजाऱ्यांचे आकडे घ्यायचे, सरासरी काढायची आणि आपला आकडा तिकडे सरकवायचा. असं करत सगळी एकमतावर येतात. पण त्यातलं एक हल्लेखोराच्या हाती गेलं आणि ‘माती ओली आहे’ एवढंच घोकत बसलं, तर बाकीची अकरा सरकत सरकत त्याच्याच आकड्यावर येऊन थांबतात. ठिबक बंद, आणि मे महिन्याच्या उन्हात बाग करपते.

हे यंत्र म्हणजे ‘फितूर’. १६०१ साली अकबराने खानदेशच्या फारूकींचा असीरगड घेतला, तो तोफांपेक्षा आतली माणसं फोडून, असं सांगतात. बाहेरून चाल करून येतो तो शत्रू, आत राहून दार उघडतो तो फितूर. १९८२ साली संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट आणि सहकाऱ्यांनी हा प्रश्न मांडला तोही फितूर सेनापतींच्या रूपात: निरोपांवर कुणाची सही नसेल तर एका फितुराला पुरून उरायला एकूण किमान चार सेनापती लागतात. यंत्रांच्या जाळ्यात एक उपाय असा, की शेजाऱ्यांकडून आलेले अगदी वरचे आणि अगदी खालचे आकडे सोडून द्यायचे आणि मगच सरासरी काढायची. त्यासाठी जाळ्याची वीण मात्र पुरेशी दाट हवी, म्हणजे प्रत्येक यंत्राला पुरेसे शेजारी हवेत.

आपापले निर्णय स्वतः घेणाऱ्या यंत्राला इंग्रजीत ‘एजंट’ म्हणतात, त्याला ‘कर्ता’ म्हणा. आपल्याकडे एजंट म्हटलं की विमावाला आठवतो.

एक जपा: बिघडलेल्या यंत्राला फितूर म्हणू नका. बिघडलेलं यंत्र चुकीचा आकडा देतं, पण तुमचा बचाव पाहून तो बदलत नाही. फितूर बदलतो, टोकाचे आकडे तुम्ही टाकून देता हे कळलं की मधलाच आकडा पाठवू लागतो. डावसिद्धांत लागतो तो त्याच्यासाठी. दोघांना मिळून ‘सदोष घटक’ लिहिलंत तर हा फरक वाचकापर्यंत पोचणारच नाही.