हॉर्मोन घेतले तर कॅन्सर होईल का?

"रात्रीतून चार-चार वेळा घामानं भिजून उठते. डॉक्टर हॉर्मोन घ्या म्हणाल्यात. पण मॅडम, कॅन्सर झाला तर?"

या ताई 51 वर्षांच्या. पाळी जाऊन सव्वा वर्ष झालेलं. चिठ्ठी पर्समध्ये तशीच, औषध आणलेलंच नव्हतं. मावशीला सत्तरीत स्तनाचा कॅन्सर झाला होता, त्यामुळे भीती जास्तच. या वयातल्या बायकांकडून हा प्रश्न मी सतत ऐकते.

मी आधी त्यांच्या त्रासाबद्दल विचारलं. झोप तुटलेली, कामात लक्ष नाही, घरी चिडचिड आणि मग त्याचंच वाईट वाटणं. "सगळ्याच बायकांचं होतं ना हे, काढायचं तसंच," असं त्या म्हणाल्या. हे मला अजिबात पटत नाही. अंगातून वाफा येण्याचा त्रास अनेकींना सात-सात वर्षं होतो. धोक्यांचा हिशेब मांडताना झोपेविना काढलेली ही वर्षंही त्यात धरायला हवीत.

मग भीतीकडे वळलो. तिचं मूळ बरंचसं 2002 मध्ये आहे. अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या अभ्यासातला इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन हॉर्मोन एकत्र देण्याचा भाग त्या वर्षी मध्येच थांबवला गेला आणि जगभर बायकांनी गोळ्या सोडल्या. त्यातला आकडा मी ताईंना कागदावर लिहून दाखवला. गोळ्या न घेणाऱ्या 10,000 स्त्रियांमध्ये वर्षाला 30 जणींना स्तनाचा कॅन्सर झाला, घेणाऱ्यांमध्ये 38 जणींना. त्या बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. "मला वाटलं होतं, दहातल्या दोघी-तिघींना होत असेल."

आठ जणी म्हणजे काहीच नाही, असं मी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्याही त्या अभ्यासात वाढल्या होत्या. दुसरीकडे खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण घटलं होतं. आणि त्या स्त्रियांचं सरासरी वय होतं 63. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत उपचार सुरू करणाऱ्या निरोगी बाईचा हिशेब बराच वेगळा असतो, आणि ताई त्या गटातल्या.

औषध कोणत्या रूपात घ्यायचं, यानंही फरक पडतो. तोंडावाटे घेतलेल्या इस्ट्रोजेननं गुठळीचा धोका वाढतो, त्वचेवर लावायच्या पॅचनं किंवा जेलनं तो तसा वाढलेला दिसत नाही. गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन किंवा त्याच गटातलं प्रोजेस्टिन लागतंच, नाहीतर एकट्या इस्ट्रोजेननं गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर होऊ शकतो. म्हणून मैत्रिणीचं औषध बघून आपलं ठरवू नये.

औषध द्यायचं की नाही, हा निर्णय माझा नाही. आम्ही डॉक्टरांसाठी प्रश्न लिहून काढले: मावशीच्या आजाराचा माझ्यावर किती परिणाम? गोळी की पॅच? किती काळ? फेरतपासणी कधी? मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) आणि रक्तदाब बघून डॉक्टरांनी पॅच आणि प्रोजेस्टेरॉन सुचवलं, दरवर्षी फेरविचार करायचं ठरलं. काही आठवड्यांत ताईंची रात्र सलग जाऊ लागली.

सगळ्यांना हा मार्ग मोकळा नसतो. स्तनाचा कॅन्सर, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा गुठळी होऊन गेली असेल, यकृताचा आजार सुरू असेल किंवा कारण न कळलेला रक्तस्राव होत असेल, तर साधारणपणे हे हॉर्मोन देत नाहीत. पायात गुठळी होऊन गेलेल्या एका बाईंना हॉर्मोनविना औषध आणि विचार-वर्तन उपचार (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारा, बोलण्यातून दिला जाणारा उपचार) यांनी चांगला आराम पडला. उलट चाळिशीच्या आत पाळी गेली असेल, तर हॉर्मोन न घेणंच हाडांना आणि हृदयाला महागात पडू शकतं. अशा तरुण मुली 2002 च्या बातमीला घाबरून औषध सोडतात, तेव्हा मला फार काळजी वाटते.

ताईंनी एक गोष्ट मात्र तिसऱ्या भेटीपर्यंत सांगितलीच नव्हती: योनीचा कोरडेपणा, संबंधाच्या वेळी दुखणं. नवऱ्यालाही त्यांनी कारण सांगितलं नव्हतं. एवढाच त्रास असेल, तर योनीत लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन असतं. ते रक्तात अगदी थोडं उतरतं आणि वाफांसाठीच्या उपचारासारखे धोके त्यात दिसलेले नाहीत. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल, तर मात्र आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारावं. लाजून हा त्रास मागे ठेवू नका, डॉक्टरांकडे न्यायच्या प्रश्नांमध्ये तो सर्वांत वर लिहा.