अथेन्स एका दिवसात उरकतं का?

तुम्ही विचारलंय की ऑक्टोबरमध्ये आईवडिलांना घेऊन ग्रीसला जायचंय, दोघांचेही गुडघे दुखतात, तर अथेन्स एका दिवसात उरकून उरलेल्या रात्री सँटोरिनी बेटाला द्याव्यात का. नाही. अथेन्सला किमान तीन रात्री द्या. ‘उरकून’ हा शब्द वाचला म्हणून लिहायला बसले. माझ्या दादाने हाच शब्द वापरला होता आणि त्यावरून आमच्यात अजून धुसफूस आहे.

मे २०२४. दादा, वहिनी, बाबा आणि मी. बाबांची सगळी नोकरी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर गेली, सहलीच्या वेळी ते ७१ वर्षांचे होते. सहल एका कंपनीकडून घेतलेली. अथेन्सच्या वाट्याला एक सकाळ, दुसऱ्या दिवशी सँटोरिनीची बोट. अक्रोपोलिसच्या, म्हणजे प्राचीन मंदिरांच्या टेकडीच्या, पायथ्याशी टूर मॅनेजर म्हणाला, “चढ आहे, दगड गुळगुळीत झालेत, काकांनी बसमध्येच थांबावं.” दादाही म्हणाला, “बाबा, दगडच आहेत हो. आम्ही फोटो काढून आणतो.” बाबा काही बोलले नाहीत. आम्ही तासाभराने खाली आलो तेव्हा ते खिडकीला कपाळ टेकवून वर बघत होते.

आणि वर गेल्यावर मला काय दिसलं, तर टेकडीच्या उत्तरेकडच्या कड्याला लिफ्ट! डिसेंबर २०२० पासून आहे ती, ज्यांना चढता येत नाही त्यांच्यासाठीच बांधलेली. लोकांकडून पैसे घेऊन सहल नेणाऱ्यांना हे ठाऊक नसावं? की ठाऊक असून वेळ घालवायचा नव्हता? त्या रात्री मी दादाला सांगितलं, तुम्ही दोघं पुढे जा, मी आणि बाबा इथेच राहतो. सँटोरिनीच्या हॉटेलचे आमचे पैसे बुडाले. दादा ते अजून काढतो.

दुसऱ्या दिवशीचं सकाळी ८ चं तिकीट काढलं. प्रवेशद्वारापाशी बाबांच्या गुडघ्यांचं सांगितलं, तिथल्या बाईंनी लिफ्टपर्यंत सोबत केली. वर पोचल्यावर बाबा पार्थेनॉन या मुख्य मंदिरासमोर उभे राहिले आणि पहिलंच विचारलं, “हे पांढरे तुकडे वेगळे का?” खांब मधाच्या रंगाचे आणि मधेच शुभ्र ठिगळं. मी रात्री वाचून ठेवलं होतं ते सांगितलं. संगमरवर तेव्हाही पेंटेली डोंगराचा, दुरुस्तीचाही तिथलाच, फक्त नव्याने कापलेला. इ.स.पू. ४४७ ते ४३२ मध्ये हे मंदिर बांधताना दगडाला दगड जोडायला लोखंडी पकडी घातल्या आणि त्यांच्याभोवती शिसं ओतलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बालानोस नावाच्या इंजिनिअरने पडझड झालेले भाग पुन्हा उभे केले, पण त्याच्या पकडींना शिशाचं ते कवच नव्हतं.

बाबांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. “मग गंजल्या असणार. लोखंड गंजलं की फुगतं, दगड आतून फोडतं.” अगदी तसंच झालंय. आता त्या पकडी काढून टायटॅनियमच्या बसवल्यात. मग म्हणाले, “सिंधुदुर्गाच्या पायात महाराजांनी शिसं ओतलं म्हणतात, ते काय उगाच?” नंतर ते दोरीबाहेरूनच कोपऱ्याशी वाकले, एक डोळा मिटला आणि पायरीच्या कडेवरून लांबवर पाहिलं. पायरी सरळ नाही, मधे फुगीर आहे. लांब बाजूला साधारण ११ सेंटीमीटर. मी न सांगता त्यांना ते दिसलं. “हे चुकून झालेलं नाही, पाणी निघून जावं आणि डोळ्याला सरळ दिसावं म्हणून केलंय. ओळंबा आणि दोरीवर!” अडीच तास आम्ही वर होतो. असा माणूस बसमध्ये बसवून ठेवला होता.

दुपारी अक्रोपोलिस म्युझियम. ते सपाट आहे, लिफ्ट आहेत, बसायला बाक आहेत. अक्रोपोलिसवरच्याच एरेक्थिऑन मंदिराचे खांब म्हणून उभ्या असलेल्या बायकांच्या सहा पुतळ्यांपैकी पाच इथे आहेत, सहावा लंडनला, आणि त्याची जागा रिकामी ठेवलीय. बाबा त्या रिकाम्या जागेपाशी सगळ्यात जास्त वेळ उभे होते. ही पुतळ्यांची ओळ चुकवू नका.

राहायला कूकाकी भाग घ्या, म्युझियम आणि अक्रोपोली मेट्रो दोन्ही जवळ. संध्याकाळी म्युझियमसमोरच्या पादचारी रस्त्यावर आईवडिलांना हळूहळू चालता येईल, गाड्या नाहीत. शाकाहारी असाल तर काळजी नको. फावा मागा, पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच, वर कांदा आणि ऑलिव्ह तेल. ‘निस्तीसिमो’ म्हणजे त्यांचं उपासाचं, त्यात मांसही नाही आणि दूधही नाही.

समुद्रासाठी सँटोरिनी कशाला हवं? मेट्रोने पिरेअस बंदर, तिथून साध्या फेरीबोटीने सव्वा तासात एजिना बेट. आम्ही तिसऱ्या दिवशी गेलो. बंदरावर पिस्ते घेतले, बसने अफाइया देवीच्या प्राचीन मंदिरापर्यंत गेलो, पाण्यात पाय सोडून बसलो, रात्री परत. १८२८ मध्ये नव्या ग्रीसची राजधानी आधी इथे होती, अथेन्सला ती १८३४ मध्ये आली. आणि गुडघ्यांचंच म्हणत असाल तर सँटोरिनी म्हणजे पायऱ्याच पायऱ्या. फिरा या तिथल्या मुख्य गावात जुन्या बंदरावरून यायला जवळपास ६०० पायऱ्या, नाहीतर केबल कार. गुडघ्यांसाठी अथेन्स कमी करून तिथे न्यायचं, हे गणित मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. दादा, तू हे वाचत असशील तर बाबांना विचार, त्यांचं काय राहून गेलं ते.

हो, नवं लग्न झालेल्यांचं वेगळं, त्यांनी खुशाल सँटोरिनीला राहावं. आणि मी हे सगळं मेमधलं सांगतेय. ऑक्टोबरात एखादा पाऊस लागू शकतो, ओला संगमरवर फार घसरतो, तेव्हा रबरी तळव्याचे बूट न्या. ऐन उन्हाळ्यात मात्र म्हाताऱ्यांना नेऊच नका, २०२३ च्या जुलैत उष्णतेमुळे अक्रोपोलिस दुपारी बंद ठेवावं लागलं होतं. मेट्रोत पाकीट पुढच्या खिशात. अक्रोपोलिसचं तिकीट वेळ ठरवून मिळतं, सकाळचा पहिला स्लॉट इथूनच काढून जा, आणि लिफ्टचं दारावरच सांगा, आपणहून कोणी विचारत नाही.