झिंग्याचा काळा दोरा काय सांगतो?

प्रश्न : आम्ही नाशिकला सूक्ष्मजीवशास्त्र शिकतो. गोदावरीतले झिंगे तपासून पाण्यातल्या जंतूंचा अंदाज घेण्याचा प्रकल्प आहे. पहिल्या खेपेला दसकपेक्षा सोमेश्वरच्या झिंग्यांत जिवाणू जास्त निघाले. शहराच्या वरच्या अंगाला घाण जास्त कशी? त्यापेक्षा बाटलीभर पाणी तपासलेलं काय वाईट?
– दोन विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : तुम्ही एकूण जिवाणू मोजलेत, बहुधा तिथेच फसलात. एरोमोनास हा जिवाणू गोड्या पाण्यात असतोच, व्हिब्रिओ या दुसऱ्या जिवाणूला तर झिंग्याचं कायटिनचं कवच फार मानवतं. मैलापाण्याची खूण हवी असेल तर माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू मोजा, तो झिंग्याच्या पोटातला मूळचा रहिवासी नाही.

बाटली त्या घटकेचं पाणी दाखवते. रात्री नाल्यातून आलेला लोट सकाळी पुढे गेलेला असतो. झिंगा तळचा गाळ नि कुजका पाला खातो, म्हणून त्याच्या आतड्यात आधीचा मागही सापडू शकतो. पण मोकळा झिंगा फिरतो. तेव्हा एकाच ठिकाणचे, एकाच मापाचे झिंगे घ्या, 5 मि.मी. जाळीच्या पिंजऱ्यात 8-8 घाला आणि दोन्हीकडे 72 तास ठेवा. आत पाइपचे तुकडे टाका, नाहीतर कात टाकलेल्या मऊ झिंग्याला बाकीचे खातात. बाहेरचं खाद्य देऊ नका. काही झिंगे पहिल्याच दिवशी तपासून ठेवा, तुलनेला लागतील. (नांदूरमध्यमेश्वर अभयारण्य आहे, तिथे परवानगीशिवाय जाळं नको.)

नुकतीच कात टाकलेले झिंगे वगळा: ते खात नाहीत, शिवाय आतड्याच्या पुढच्या-मागच्या भागाचं अस्तरही कातीबरोबर जातं. आकडा फसवा येतो. दोन्ही ठिकाणचे झिंगे वेगळ्या निर्जंतुक पिशव्यांत, बर्फाच्या पेटीत, 6 तासांत प्रयोगशाळेत पोचवा. बर्फाचं पाणी पिशवीत शिरू देऊ नका, फ्रीजरमध्ये तर मुळीच ठेवू नका. गोठवल्यावर बरेच जिवाणू मरतात. बादलीत मेलेला झिंगा सरळ टाकून द्या.

कवच 70 टक्के अल्कोहोलने पुसा, पाठ चिरा आणि कोळंबी साफ करताना काढतो तो काळा दोरा चिमट्याने अलगद ओढा. तेच आतडं. ते तुटलं की आतला मळ मांसाला लागतो. एकाचं वजन फार कमी भरतं, म्हणून 5 एकत्र करा. 0.5 ग्रॅम भरलं तर 4.5 मि.ली. 0.85 टक्के सलाइनमध्ये घोटा. हे झालं दहापट विरळण. पुढे प्रत्येक वेळी 1 मि.ली. घेऊन 9 मि.ली. सलाइनमध्ये मिसळत जा. प्रत्येकातून 0.1 मि.ली. ईएमबी अगर या जिवाणू वाढवायच्या माध्यमाच्या प्लेटवर पसरा, 37 अंशांवर 24 तास. हिरवट धातूसारखी चकाकी म्हणजे ई. कोलाय असण्याची शक्यता. इंडोल चाचणीने खात्री करा. 30 ते 300 वसाहतींचीच (म्हणजे वाढलेल्या जिवाणूंच्या ठिपक्यांचीच) प्लेट धरा. हजारपट विरळणात 64 आल्या तर 64 × 1000 ÷ 0.1, म्हणजे ग्रॅममागे 6 लाख 40 हजार.

पाण्याची बाटलीही भराच. क्लोरीनचा संशय असेल तर तिच्यात आधी क्लोरीन निष्प्रभ करणारं सोडियम थायोसल्फेट घाला. आंघोळीच्या पाण्यासाठी 100 मि.ली.मागे कमाल 2500 विष्ठाजन्य कोलिफॉर्मची (ई. कोलाय ज्यात मोडतो त्या जिवाणूंच्या गटाची) मर्यादा आहे. ती पाण्यालाच लावा, झिंग्याच्या आकड्याला नाही.