ताई ची हा संथ हालचालींचा चिनी व्यायाम काठी किंवा तलवार घेऊन करण्यात काही अर्थ आहे का, की नुसता शो? साठीनंतर कुठल्या हत्याराने सुरुवात करावी?

हा "नुसता शो" कुठून आला तुमच्या डोक्यात माहीत नाही, पण माझ्या सख्ख्या मोठ्या भावाने हेच मला अख्ख्या घरासमोर सुनावलेलं आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

आधी मुद्द्याचं. अर्थ आहे. साठीनंतर काठीने सुरुवात करा, तलवार नंतर, आणि तेही हाताचा २४ चा फॉर्म, म्हणजे रिकाम्या हाताने करायचा २४ हालचालींचा ठरलेला क्रम, समोर कोणी नसताना, व्हिडिओ न बघता पूर्ण होत असेल तरच. घाईत असाल तर इथेच थांबा.

आता दादा. आम्ही बडोद्याचे, आजोबांच्या आधीपासून, आणि बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत आखाडा हा काय प्रकार होता ते पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगून कळत नाही. व्यायामगुरू प्रोफेसर माणिकराव इथले, जुम्मादादा व्यायाम मंदिर इथलं, मजुमदारांच्या व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड १९३६ पासून इथूनच निघाले. दादा गावातल्या एका जुन्या आखाड्यात लाठी, बनेटी, लेझीम सगळं शिकला, सत्तरी उलटली तरी लाठी फिरवायला लागला की सूं सूं आवाज येतो आणि कुत्री गल्ली सोडून पळतात, ते मी नाकारतच नाहीये. मला आखाड्यात नाही पाठवलं, गाण्याच्या क्लासला घातलं, तो वेगळा विषय आहे आणि त्यावर मी इथे बोलणार नाही.

ताई ची मला मिळाली मुलीकडे, टोरांटोजवळ मार्कमला. तिच्या बाळंतपणासाठी गेले होते, तिथे चिनी वस्ती भरपूर, आणि सकाळी पार्कात आपल्याकडे कमाटीबागेत जसे हास्य क्लबवाले जमतात तशी तिथे म्हातारी मंडळी ताई ची करतात. एक आजी होत्या, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी तरी मोठ्या, तलवारीला लाल गोंडा, आणि तलवार अशी सरकायची की बघत राहावं. त्यांना इंग्रजी येत नाही, मला चिनी येत नाही. मनगट वाकडं झालं की टपली, खांदा वर गेला की वरून हाताने दाबायच्या, एवढंच आमचं संभाषण. तलवार मागितली तर मानेनेच नाही म्हणाल्या आणि स्वतःची चालायची काठी माझ्या हातात दिली. पूर्ण मुक्काम काठीच. निघताना मात्र एक लाकडी तलवार भेट दिली, ती चेक-इन बॅगेत आणली. केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, विचारणारे विचारतात म्हणून सांगून ठेवते.

तर खंडेनवमी. दादाकडे शस्त्रपूजा असते, पाटावर आजोबांचा गंजलेला दांडपट्टा, दादाच्या लाठ्या, वहिनीची विळी, गाडीचे पाने, आणि भाच्याचा लॅपटॉपसुद्धा, कारण त्याचं हत्यार ते. मी माझी काठी आणि ती तलवार शेजारी ठेवली. दादाने दोन्ही उचलली आणि सोफ्यावर टाकली. म्हणाला, "ही खेळणी आहेत, बागेत शो करायला ठीक आहेत, पूजा हत्याराची असते." वहिनी म्हणाली, अहो असू द्या की. तर नाही! लॅपटॉप चालला, माझी काठी नाही चालली.

जेवणं झाल्यावर मी त्याला गच्चीत नेलं. म्हटलं तुझीच लाठी घे, एका टोकाला एका हाताने धर, हात लांब कर, आणि दुसरं टोक जमिनीपासून खांद्याच्या उंचीपर्यंत वर आण, मी वीस आकडे म्हणेपर्यंत. झटका द्यायचा नाही, मध्ये थांबायचं नाही, श्वास रोखायचा नाही. आठ-नऊपर्यंत ठीक होतं, मग टोक थरथरायला लागलं, मग खांदा कानाला भिडला, मग चेहरा लाल. भाचा शूटिंग करत होता. दादाने लाठी खाली टेकवली आणि म्हणाला, "एवढं हळू मारायला कोण येणार आहे?" आणि खाली निघून गेला. सगळे हसले, म्हणजे वाद तोच जिंकला असं झालं.

तर त्याचं उत्तर असं, आणि हेच तुमच्या पहिल्या प्रश्नाचंही. लाठी वेगात फिरत असली की वेगच तिला पुढे नेतो, तुम्ही फक्त योग्य वेळी वळवायची. तीच हळू न्यायची म्हटली की प्रत्येक इंचाला टोकाचं वजन तुम्ही स्वतः पेलायचं असतं, आणि काठी जितकी लांब तितकं ते टोक जड लागतं. तिथे नुसतं मनगट पुरत नाही, पाय रोवून कंबरेतून हलावं लागतं. रिकाम्या हाताने करताना कंबर न वळवता नुसते हात हलवले तरी कुणाला कळत नाही, दिसायला छानच दिसतं. काठी मात्र चहाडखोर असते, टोक लगेच डगमगून सांगतं. मला विचाराल तर हत्याराचा आपल्या वयात एवढाच उपयोग, पण हा उपयोग मोठा आहे.

आणि हत्यारं मागाहून शोसाठी चिकटवली असंही नाही. चेन घराण्याची ताई ची हनान प्रांतातल्या त्यांच्या गावात सतराव्या शतकापासूनची, ती लढाईतूनच आलेली. भाला, तलवार, एकधारी वाकडं पातं हे सगळं त्यात आहे, आणि तीन-चार मीटर लांबीचा लवचीक दांडा नुसता झटकत राहायचा हा त्यांचा ताकदीचा व्यायाम आहे. दादाने एकदा झटकून दाखवावा. बागेतल्या लोकांसाठी सोपं केलेलं ते नंतर, हाताचा २४ चा फॉर्म १९५६ मध्ये आणि ३२ चा तलवारीचा १९५७ मध्ये, दोन्ही तिथल्या सरकारी क्रीडा खात्याने बसवले. हां, स्पर्धेत ती पत्र्यासारखी पातळ पाती फडफडवतात आणि रेशमी झगे घालतात, त्याला शो म्हणा, मी भांडणार नाही.

आता काठी कुठली. चिनी लोकांत म्हणतात की शिकायला काठीला महिना, वाकड्या तलवारीला वर्ष आणि भाल्याला जन्म. तुमच्यासाठी सरळ चालायची काठी, साधारण नव्वद सेंटिमीटर, लाकडी किंवा वेताची. मेडिकलच्या दुकानातली बटण दाबून लांब-आखूड होणारी ॲल्युमिनियमची घेऊ नका, फिरवताना खडखडते आणि बटण सुटलं तर खालचा तुकडा कुणाच्या तरी कपाळात. मुठीची काठी चालते, मूठ पुढे कुठे वळलीये यावरून मनगट कुठे वळलंय ते कळतं. लांब काठी हवी तर भुवईइतकी, बांबूच्या वखारीतून भरीव बांबू घ्या, पेरं तासून, पॉलिश पेपर मारून तेल पाजा. गरब्याच्या दांडियाने करू का असं आमच्या ग्रुपमध्ये एकीने विचारलं होतं, तेवढ्या आखूड काठीचेही प्रकार असतात पण ते दोन्ही हातात धरून पिळायचे असतात, ते वेगळं. तलवार घ्याल तेव्हा लाकडी घ्या, डाव्या हातात उलटी धरून दंडामागे उभी केली की टोक कानापर्यंत यावं, हे माप. धारेची अजिबात नको, नऊ इंचांहून लांब धारदार पातं म्हटलं की शस्त्र कायदा आला.

सुरुवातीला पूर्ण फॉर्म करूच नका, एकच हालचाल घ्या, दोन्ही हातांनी, डावीकडूनही. डावा हात सगळे टाळतात. टाळू नका, तिथेच कळतं आपण किती पाण्यात आहोत.

राहिलं ते सांगते. खांदा आखडलेला असेल, मणक्याचा त्रास असेल, हाडं ठिसूळ आहेत असं रिपोर्टात आलं असेल तर आधी डॉक्टर. पडण्याचं प्रमाण कमी होतं म्हणतात ते खरं आहे, कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात पडणाऱ्या लोकांचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी घटलेलं दिसतं, पण तो आकडा ताई चीचा, काठीचा असा वेगळा नाही. आणि या काठीने चोर पळवाल असं समजू नका, त्यासाठी दादाचीच लाठी लागते. हे त्याला कुणी सांगू नका.

आणि पावसाळ्यात हॉलमध्ये करणार असाल तर आधी वर बघा. पंखा बंद असला तरी लांब काठी पात्याला लागते, आणि एकदा पातं वाकलं की पंखा हलायला लागतो.