बाबांना ब्राउझर शिकवायचा तर पत्त्याच्या पट्टीपासून सुरू करा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाबा 68 वर्षांचे, नागपूरच्या मानेवाड्याला एकटे राहतात, तुम्ही पुण्याला. लॅपटॉप घेऊन दिला, पण फोनवर शिकवायला बसलं की दहाव्या मिनिटाला दोघांचाही आवाज चढतो आणि ते म्हणतात, "माझं गूगलच बंद पडलं." टॅब (ब्राउझरमध्ये उघडलेलं एकेक पान), बुकमार्क (जपून ठेवलेला पत्ता), हिस्ट्री (आधी उघडलेल्या पानांची यादी) हे सगळं कुठल्या क्रमानं शिकवू, असं तुम्ही विचारलंय.

नागपूरलाच, बर्डीवर 2003 ते 2014 माझा सायबर कॅफे होता. आता गेली सहा वर्षं आमच्या भागातल्या वाचनालयात दर रविवारी सकाळी ज्येष्ठांना शिकवतो. त्या अनुभवावरून सांगतो: पहिल्या दोन बैठका फक्त पत्त्याच्या पट्टीवर घालवा, म्हणजे वरची ती लांब चौकट, जिथे वेबसाइटचा पत्ता दिसतो. बाकीचं गरज पडेल तसं येतं.

"गूगल बंद पडलं" यातच अडचण कुठे आहे ते दिसतं. त्यांच्या लेखी ब्राउझर (वेबसाइट उघडून दाखवणारा प्रोग्राम), गूगल आणि इंटरनेट ही एकच वस्तू आहे, आणि त्यात त्यांची चूक नाही. माझ्या कॅफेत क्रोमच्या आधी फायरफॉक्स नावाचा ब्राउझर होता. त्यात पत्ता लिहायची चौकट वेगळी आणि शोधायची चौकट वेगळी असायची. लोकांना फरक डोळ्यांनी दिसायचा. 2008 मध्ये गूगलचा क्रोम हा ब्राउझर आला, त्यानं दोन्ही कामं एकाच पट्टीत आणली. सोय झाली, पण नव्यानं शिकणाऱ्याला आपण पत्ता लिहितोय की चौकशी करतोय हे कळेनासं झालं.

मी असं सांगतो. ब्राउझर म्हणजे तुमची गाडी. गूगल म्हणजे चौकात उभा असलेला माणूस, ज्याला आपण रस्ता विचारतो. पत्ता माहीत असेल तर विचारायचं कशाला? सरळ गाडी न्या. शिवाय हा माणूस काही दुकानांकडून पैसे घेऊन त्यांची नावं आधी सांगतो. अशा निकालांवर 'प्रायोजित' किंवा 'Sponsored' लिहिलेलं असतं, ते बाबांना बोट ठेवून दाखवायला सांगा.

याच ठिकाणी आमच्या शेजारच्या काकूंचे अठरा हजार गेले. बँकेचा कस्टमर केअर नंबर हवा होता, त्यांनी गूगलमध्ये टाकला, वरच आलेल्या पानावरचा नंबर लावला, तो भामट्यांचा निघाला. पैसे गेल्यावर रडत घरी आल्या आणि म्हणत होत्या, "म्या बँकेच्याच साइटवर गेली होती भाऊ." मी त्यांच्या लॅपटॉपवर कंट्रोल आणि एच दाबलं. हिस्ट्री उघडली, त्यात त्या वेळेचं पान सापडलं. बँकेचं नाव पत्त्यात होतं खरं, पण सुरुवातीला. शेवट भलताच. आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन केला, मग सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकताना तो पत्ता जसाच्या तसा देता आला. हिस्ट्री या कामाला येते, हे आमच्या वर्गात तेव्हापासून कोणालाच वेगळं समजवावं लागत नाही.

म्हणून पत्ता वाचायला शिकवा. आपला टपालाचा पत्ता घर, गल्ली, महालासारखी वस्ती, नागपूर असा जातो. गाव कोणतं ते शेवटी कळतं. 'नागपूर निवास' नावाचं घर रायपुरातही असू शकतं. वेबसाइटचंही तसंच. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढे जी पहिली एकटी तिरपी रेघ येते, तिच्या डावीकडचा शेवटचा भाग बघायचा. ती रेघ नसेल तर पत्त्याचा शेवटच बघायचा. तिथे 'डॉट गव्ह डॉट इन' (.gov.in) असेल तर सरकारी. बँकांचं तर आता आणखी सोपं झालंय. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' (.bank.in) या पत्त्यावर जायला सांगितलं होतं, आणि हा शेवट बँकांसाठीच राखून ठेवलाय. बाबांच्या पासबुकाच्या आतल्या पानावर त्यांच्या बँकेचा खरा पत्ता मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा. एकदा तो स्वतः टाइप करू द्या, पान उघडलं की कंट्रोल आणि डी दाबून बुकमार्क. त्यानंतर बँकेसाठी गूगल नाही म्हणजे नाही.

कुलुपाच्या चित्रावर विसंबू नका. बँकेचं पान आहे का ते बघायला कुलूप बघा, असं पूर्वी आम्हीच शिकवायचो, ती शिकवण अपुरी होती. कुलूप एवढंच सांगतं की मधल्या वाटेवर कोणी तुमचं बोलणं वाचू शकत नाही. समोर बसलेला माणूस चोर आहे की सावकार, ते कुलुपाला कळत नाही. क्रोमनं तर 2023 मध्ये ते चित्रच काढून टाकलं.

यानंतर भीती घालवायची. बाबांचा आवाज चढतो त्याचं मूळ बहुतेक इथेच असेल. मागच्या मे महिन्यात वर्गात एक काका गावच्या शेताचा सातबारा बघत होते. विभाग निवडला, जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर, सगळं भरून झालं आणि चुकून टॅबच्या फुलीवर क्लिक झालं. कूलरच्या आवाजावरूनही ऐकू आलं, "हे काऊन गेलं बाप्पा!" हात मांडीवर ठेवून बसले, माउसला शिवेनात. मी म्हटलं, काकाजी, कंट्रोल आणि शिफ्ट धरून टी दाबा. टॅब परत आला. भरलेली माहिती काही परत आली नाही, ती पुन्हा भरावी लागली, पण काकांचा चेहरा बदलला. बंद झालेलं परत आणता येतं हे कळलं की माणूस स्वतःहून बटणं दाबून बघतो. बाबांकडून हे दहा वेळा करून घ्या. मुद्दाम बंद करा, मुद्दाम परत आणा.

पैसे भरताना मात्र मागे जायचा बाण दाबायचा नाही, हे तेवढं बजावून ठेवा. पान अडकलं तर आधी बँकेचा मेसेज बघायचा, पैसे कटले का, मग पुढचं.

अक्षर मोठं करणं पहिल्याच दिवशी दाखवा, कंट्रोल आणि अधिकची खूण. अनेकांना 'जमत नाही' म्हणजे खरं तर 'दिसत नाही' असतं. ब्राउझर हे प्रत्येक साइटसाठी वेगळं लक्षात ठेवतो, त्यामुळे एक साइट मोठी आणि दुसरी बारीक दिसली तर घाबरू नका. कंट्रोल आणि शून्य दाबलं की मूळ आकार येतो.

'पावती आलीच नाही' ही पुढची तक्रार येणारच. पावती बरेचदा नव्या खिडकीत उघडते आणि ब्राउझर ती जाहिरात समजून अडवतो. पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला एक छोटी खूण येते, तिच्यावर क्लिक करून त्या साइटला परवानगी द्यायची. आणि उतरवलेली फाइल कुठे गेली असं विचारलं तर कंट्रोल आणि जे. आमच्याकडे एका काकूंनी एकच बिल चौदा वेळा उतरवलं होतं, कारण ते कुठे जातं हेच कोणी सांगितलं नव्हतं.

एखादी साइट 'नोटिफिकेशन पाठवू का' विचारते, तिथे बाबांनी सरसकट नाही म्हणावं. कोपऱ्यात 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे' असे निरोप आधीच येत असतील तर बहुधा अशाच एखाद्या परवानगीमुळे. तुम्ही नागपूरला आलात की सेटिंगमध्ये जाऊन ती यादी स्वतः साफ करा, फोनवरून ते होत नाही. पासवर्ड घरच्या लॅपटॉपवर ब्राउझरला लक्षात ठेवू द्या, पण लॅपटॉपला स्वतःचा पासवर्ड असला पाहिजे. बाहेर झेरॉक्सच्या दुकानात किंवा कॅफेत कधीच नाही. माझ्या कॅफेत रोज कोणाचं ना कोणाचं ईमेल उघडंच राहायचं आणि ते बंद करणं माझं कामच होऊन बसलं होतं. इन्कॉग्निटो (हिस्ट्री न ठेवणारी खिडकी), एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायच्या जादा सोयी) वगैरे विषय आत्ता नका काढू.

फोनवर शिकवताना 'वर उजवीकडे तीन ठिपके आहेत ना' असं म्हणू नका. त्यांना दिसतंय ते त्यांनाच वाचायला सांगा: "बाबा, पट्टीत काय लिहिलंय, शेवटाकडून सांगा." ते एकेक अक्षर वाचतील, वेळ लागेल, तुम्ही मध्ये बोलू नका. सकाळी करा, कूलर सुरू व्हायच्या आधी. एका दिवशी एकच काम, आणि तेही त्यांच्या गरजेचं: विजेचं बिल किंवा सातबारा. पहिलं काम कोणतं घ्यायचं ते त्यांनाच विचारा आणि इथे कळवा, त्याच्या पायऱ्या मी मराठीत लिहून देतो. प्रिंट काढून लॅपटॉपशेजारी ठेवता येईल.